गरम औषध

‘गरम औषध’ हे शब्द कानावर पडले आणि बानाबाई स्टुलावरून उठली. तिनं पदर सावरला, पोटाखाली हात धरला आणि डॉक्टरीणबाईंचं वाक्य अर्धवट असतानाच दार ढकलून बाहेर चालू लागली.

डॉक्टरीणबाई बोलायच्या थांबल्या. समजावून सांगण्यासाठी त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं होतं. आतडी, आतड्यांवरचा पातळ पडदा आणि पडद्यावर पेनानं दिलेले ठिपके. रामहरी, बानाबाईचा नवरा, त्या ठिपक्यांकडे बघत बसला होता. लेक अंबिका मात्र आईच्या मागं धावली.

‘माय, आगं कुठं चाललीस? बाई सांगू लागल्यात ना!’

‘ऐकलं की. समदं ऐकलं.’

‘मग?’

‘मग काय, घरी जायचं.’

ऐकलं होतं हे खरंच. सुरुवातीलाच बानाबाईनं डॉक्टरीणबाईंना बजावलं होतं, ‘मला तोंडावर सांगा बाई. पोरीच्या कानात नगा सांगू.’ डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कॅन्सर आहे. आतडी ज्या अस्तरात गुंडाळलेली असतात त्या अस्तराचा आहे, लाखांत एखाद्याला होतो, म्हणून तर सापडायला एवढा वेळ गेला. काहीच केलं नाही तर वर्षभर, तेही धरून चालता येणार नाही. पाणी भरत राहील, खाणं सुटेल, पुढं आतडी एकमेकांना चिकटून बसतील. ऑपरेशन पुण्याला होतं. मोठं आहे, सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळी बाहेर येतो. काही जण त्यानंतर पाच-पाच वर्षं जगतात, काही नाही जगत. पण करायचं तर आत्ताच. दोन महिन्यांनी आलात तर मीच नको म्हणेन.

बानाबाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. मरणाची गोष्ट तिनं शांतपणे ऐकून घेतली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘सगळ्या गाठी खरवडून काढल्या की पोट शिवायच्या आधी आत गरम औषध सोडतात.’ तिथं ती उठली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अंबिकेनं तिला बाकावर बसवलं. दिवाळीपासून हे पोट असं वाढत होतं. मनगटं काडीसारखी झाली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, आणि पोट मात्र रोज लुगड्याच्या गाठीशी भांडत होतं. दोन घास खाल्ले की गळ्यापर्यंत भरल्यासारखं व्हायचं. गल्लीतल्या डॉक्टरानं वाताची पुडी दिली. दुसऱ्यानं टीबी सांगितला आणि तीन महिने लाल लघवी करणाऱ्या गोळ्या खायला लावल्या. टँकरपाशी रांगेत बायका हसायच्या, ‘बानाबाई, कितवा लागला?’ साठी उलटलेल्या बाईची ही थट्टा. बानाबाईही हसायची, आणि घरी येऊन बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसायची. तपासायला म्हणून पोटातलं पाणी काढलं, तेव्हा बाटली भरताना पाहून तीच म्हणाली होती, ‘बगा बाई, फुलंब्रीकडं समद्या हिरी आटल्या, अन् माझ्या पोटाला पाझर फुटला.’ नर्ससुद्धा हसली होती. बोलण्यात ती कधी हार जात नसे. आज मात्र व्हरांड्यात ती नुसती बाकाची कड धरून बसली होती.

रामहरी बराच वेळ आतच होता. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड पार उतरलं होतं.

‘काय म्हनल्या बाई?’ अंबिकेनं विचारलं.

‘काय नाय. माझ्या जुन्या कामाचं इचारत व्हत्या.’

‘तुमच्या कामाचं? कामून?’

रामहरी रिक्षा बघायला पुढं गेला. रिक्षात तो दोघींच्या शेजारी बसला नाही. पुढं ड्रायव्हरजवळ अर्ध्या मांडीवर टेकून मुकुंदवाडीपर्यंत आला.

त्यानंतर घरात कुणालाच स्वस्थता राहिली नाही. अंबिका रोज पुंडलिकनगरहून यायची. नवऱ्याचा डबा, मुलांची शाळा उरकून ती उन्हातान्हात आईच्या दारात उभी राहायची आणि वाद तिथून पुढं सुरू व्हायचा. आईला औषधाची धास्ती बसली ती कशानं, हे तिनं आपल्या परीनं ओळखलं होतं. आपल्याकडे औषध गरम पडतं. माणसं डॉक्टरला बजावून सांगतात, गोळी गरम नको, तोंड येतं, अंगावर पुरळ उठतं. मायला तसंच वाटलं असणार.

‘माय, ते गरम पडनारं नाय. गरम म्हंजे ऊन केलेलं. आंगुळीच्या पान्यावानी. बाईंनी मला पुन्यांदा समजावून सांगितलं.’

‘बरं.’

‘मग करायचं ना?’

‘नाय.’

तरीही अंबिकेनं हार मानली नाही. ती सब्जा भिजवून आणू लागली, धन्या-जिऱ्याचं पाणी आणू लागली, गुलकंदाची बाटली आणली. आईला आतून इतकं थंड करून टाकावं की गरमाची भीतीच उरू नये, असा तिचा हिशेब. बानाबाई लेकीच्या समाधानासाठी दोन घोट घ्यायची. बिचारी पोर, सगळं बरोबर ऐकून सगळं चुकीचं समजत होती.

कारण बानाबाईला गरम-थंड चांगलं कळत होतं. पण तिच्या माहेरी, सासरी, मेंढरं राखणाऱ्या त्या सगळ्या वस्त्यांवर ‘गरम औषध’ या शब्दांना आणखी एक अर्थ होता. तो बायका बायकांतच बोलत, तोही आवाज खाली करून. पोटात नको असताना राहिलेलं पाडायला जे घेतात, ते गरम औषध.

बहात्तरच्या दुष्काळात तिनं ते घेतलं होतं. रामहरी तेव्हा भावांबरोबर मेंढरं घेऊन घाट उतरून खानदेशात गेला होता. इथं चारा नव्हता, आणि जित्राब जगवायचं तर चालत राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बानाबाई मागं, सासूबरोबर, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. अंगावर पिणारी अंबिका बाभळीला टांगलेल्या झोळीत असायची. अशात दिवस राहिल्याचं कळलं. दूध आटलं असतं. पाटी उचलवली नसती. पाटी उचलली नाही तर कामावर खायला मिळणारी सुकडीही बंद. दोघांतलं एकच जगणार होतं हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. शेजारच्या ढिगाऱ्यावरच्या कडूबाईनं काढा करून दिला. ‘गरम हाय गं, आतून भाजंल,’ ती म्हणाली, ‘पन सुटशील.’

भाजलं. ती सुटली. रामहरी परत आला तेव्हा तिनं सांगितलं, ओझ्यानं पडलं. तो म्हणाला, ‘जाऊ दे, तू हाईस ना.’ विषय तिथंच मिटला. पुढं मेंढरं गेली, दोघं शहरात आले, संसार झाला, पाठीवर आणखी मुलं झाली. पण आतून भाजल्याची ती खूण बानाबाईच्या मनातून कधी गेली नाही. आणि आता पोट महिन्यामहिन्यानं वाढत गेलं, तेव्हा तिला कारण शोधत बसावं लागलं नाही. ज्या पोटात आपण आपल्या हातानं आग घातली, तेच हे पोट. त्यात पुन्हा गरम औषध सोडायचं, तेही जगायच्या हावेपोटी? तिला स्वतःचीच शिसारी यायची. जे भोगायचं ते गुमान भोगावं, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं.

आणि हे सांगायचं कुणाला? अंबिकेला? तुला दूध मिळावं म्हणून मी असं केलं, हे ऐकून त्या पोरीनं काय करायचं?

एके दिवशी अंबिकेचा बांध फुटला. गुलकंदाची बाटली तिनं ओट्यावर आपटली.

‘तू मरायचं ठरिवलंस, माय. आमाला कुनाला इचारलंस का? मी काय लागते का नाय तुझी?’

‘तूच तर लागतीस,’ बानाबाई म्हणाली आणि तोंड फिरवलं.

अंबिका रडत रडत रिक्षाला गेली. तिच्यामागं दाराकडं बघताना बानाबाईला पोटापेक्षा छातीत जास्त दुखलं.

रामहरीची तऱ्हा निराळीच. हा माणूस एका जागी टेकेनासा झाला. खाटेवर बसला की उठायचा, रेल्वे रुळापर्यंत जायचा, तिथून परत यायचा, पाणी मागायचा आणि न पिता तांब्या खाली ठेवायचा. बायकोसमोर येऊन उभा राहायचा. ‘काय?’ म्हटलं की ‘काय नाय.’ आणि एका सकाळी त्यानं कहरच केला. जन्मात कधी स्वतःचा सदरा स्वतः न उचललेला हा गडी मोरीत उकिडवा बसून धोतर धुवायला लागला.

‘आवं, हे काय? ठिवा तिथं. लोक काय म्हनतील?’

‘म्हनू दे.’

‘मी काय लगीच मेले का?’

‘तू हात नगस लावू,’ तो एकदम ओरडला. ‘माझ्या कपड्याला तू हात लावायचा नाय!’

इतक्या वर्षांत त्यानं असा आवाज चढवला नव्हता. बानाबाई चकित होऊन बघत राहिली. गल्लीतली चतुराबाई दारातून डोकावून गेली आणि दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं की रामहरी बायकोची धुणी धुतो. थट्टा सोसायची त्याला सवय नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मोरीत बसला.

टँकर यायचा होता त्या दुपारी. दारापुढं घागरी, कॅन, रंगाचे रिकामे डबे ओळीनं लावलेले. ऊन पत्र्यावर तापत होतं. बानाबाई उंबऱ्याला टेकून बसली होती. पोट पुन्हा टम्म झालं होतं, श्वास आखूड झाला होता. रामहरी घागरीपाशी उभा होता. मग दोन घागरींच्या मधे उभा राहिला. मग येऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला.

‘तुला एक सांगायचंय.’

‘सांगा की. दहा रोज झाले, मी त्येचीच वाट बगायले.’

‘तू उठून गेली तवा बाईंनी मला इचारलं. काका, तुमी कुठं सिमेंटच्या पत्र्याचं काम केलं का? म्हनलं, वीस वर्सं तेच केलं. ह्या मुकुंदवाडीत अन् तिकडं नव्या वस्त्यांत निम्म्या घरांवर माझ्या हातचा पत्रा हाय. करवतीनं कापायचा, भोकं पाडायची.’ तो थांबला. ‘मंग इचारलं, तुमचे कपडे कोन धुवायचं?’

बानाबाईची नजर मोरीकडं गेली.

‘त्या पत्र्याच्या भुकटीनं व्हतंय ह्ये. भुकटी कपड्यावर बसून घरी येती. जे झटकतंय त्येच्या आत जाती. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्सं गप बसती.’ त्याचा आवाज फाटला. ‘मला खोकला सुदीक नाय. म्या घरी आनलं अन् तुला झालं.’

‘भुकटीनं?’

‘व्हय.’

‘बाई म्हनल्या आसं? सोता?’

‘नक्की नाय सांगता येत म्हनल्या. पन बहुतेक त्येच्यानंच.’

‘दुसऱ्या कशानं नाय? खाल्ल्या-पिल्ल्यानं? मागं कवा काय औषध घेतलेलं...’

‘कसलं औषध?’

‘कसलंबी. जुनंपानं.’

‘न्हाय गं. म्या खोदून खोदून इचारलं. तंबाखूनं का, खान्यानं का, काय चुकीचं पोटात गेल्यानं का. त्या म्हनल्या, काका, पोटात काय घेतल्यानं ह्ये व्हत नाय.’

बानाबाईनं दोन्ही हात पोटावर ठेवले. गेले कित्येक महिने तिनं तिथं प्रेमानं हात ठेवला नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि सरळ वाहायला लागले. तिला आवरावंसंही वाटेना. ते आलं नव्हतं परत. ज्याला तिनं घालवलं होतं ते कुठंतरी आपल्या वाटेनं निघून गेलं होतं, आणि तिच्यावर त्याचा काही राग नव्हता. ही नुसती धूळ होती. तिला इतकं हलकं वाटलं की हसू येईल की काय अशी भीती वाटली.

‘रड,’ रामहरी म्हणाला. ‘मला शिव्या दे. पन रडून घे.’

तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. मोरीतल्या सोड्यानं त्याच्या बोटांची सालं निघाली होती, डोळे आत गेले होते, गालाची हाडं वर आली होती. पोट तिचं वाढत होतं आणि वाळत हा चालला होता. हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. आरसा बघायची वेळ आली की ती असंच तोंड चुकवत आली होती, त्या दुष्काळापासून. आपण सुटलो ते ह्याच्या खांद्यावर टाकून सुटलो, हे तिला लख्ख कळलं. आता हा ते किती वर्षं वाहणार? ती पुण्याहून परत आली तरी, आणि नाही आली तर मग काय बोलायलाच नको.

आपलं सांगून टाकावं, असं एकदा तिच्या मनात आलं. तुमी तुमचं सांगितलंत, हे घ्या माझं. पण त्यानं त्याची धूळ काही झटकली जाणार नव्हती. एकाच्या जागी दोन ओझी झाली असती.

तिनं पदरानं तोंड पुसलं.

‘मी कवा झटकले तुमचे कपडे?’

‘आं?’

‘झटकत नव्हते मी. आले की बादलीत बुडवून ठिवायचे. वल्ले कपडे धुतल्यावर कुठली आलीय भुकटी?’

रामहरीनं मान वर केली. ‘वस्तीत तवा पानी कुठं व्हतं बादलीत बुडवायला? प्यायला मिळायचं नाय.’

‘आनायचे. रुळापल्याडच्या हापशावरून.’

‘मला कवा दिसलं नाय.’

‘तुमाला काय दिसायचं? उजाडायच्या आत जायचे, दिवेलागनीला यायचे. घरात पानी कुठनं येतंय, कवा बघितलं व्हतं का?’

त्यानं खरंच बघितलं नव्हतं. तो बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि बानाबाईनं डोळे हलवले नाहीत. ती जन्मभर कमी खोटं बोलली होती, त्यामुळं तिला खोटं बोलता येतं हे कुणाला माहीतच नव्हतं.

रामहरीनं भिंतीला पाठ टेकली. पाय लांब केले. कित्येक दिवसांनी तो असा पसरून बसला. गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला, बायका घागरी घेऊन पळाल्या, तरी तो लगेच उठला नाही.

‘मंग कशानं झालं असंल गं तुला?’ त्यानं विचारलं.

‘आता मला काय ठावं?’ बानाबाई उंबऱ्याला धरून उठत म्हणाली. ‘अंबूला फोन लावा. उद्या सकाळी बाईकडं जायचंय म्हनावं, पुन्याची तारीख घ्यायला. तवा इचारा तुमीच.’